ऋतूंप्रमाणे लहान मुलांबरोबर विनाखर्च काय काय करता येते?

माळरान

नमस्कार. दोन ते सात वर्षांच्या मुलांना सुट्टीच्या दिवशी कुठे न्यावे, असे कोणी विचारले की हल्ली उत्तर बहुधा तिकीट काढून आत जाण्याच्या जागेचे मिळते. मॉलमधला खेळविभाग, वॉटर पार्क, शहराबाहेरचे कृषी पर्यटन केंद्र. या जागा वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु तिथे आषाढात गेले काय आणि माघात गेले काय, मुलाला दिसते ते तेच. घरापासून चालत जाता येईल अशी टेकडी, तळे, नदीचा काठ किंवा जुन्या झाडांचा रस्ता मात्र दर दीड-दोन महिन्यांनी वेगळा दिसतो आणि तो पाहण्याला पैसे पडत नाहीत. वेळ तेवढी साधावी लागते. मृगाचे किडे पुन्हा मातीत गेल्यावर किंवा सावरीचा कापूस उडून संपल्यावर गेलो तर काही हाती लागत नाही. म्हणून या धाग्यात प्रत्येकाने आपापल्या भागात कोणत्या दिवसांत, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि किती वयाच्या मुलाबरोबर काय करता येते व त्यात काय जपावे लागते, हे लिहावे अशी विनंती आहे. मी पुण्याची असल्यामुळे पुण्यापासून सुरुवात करते.

वर्षाची सुरुवात मी जूनपासून धरते. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की टेकड्यांच्या पायथ्याच्या मोकळ्या मातीत मृगाचे किडे दिसू लागतात. लाल मखमलीचा गोळा चालत असावा तसा हा जीव असतो. त्याचे पाय मुलाला मोजायला सांगावे; ते आठ भरतात, म्हणजे नावात किडा असला तरी हा कोळ्याच्या जवळचा प्राणी आहे, हे पाच वर्षांच्या मुलालाही पटते. तो तळहातावर घेऊन पाहावा आणि जिथून उचलला तिथेच सोडावा. डबीत घालून घरी आणलेले किडे मरतात. हे दर्शन थोड्याच दिवसांचे असते, त्यामुळे पावसाने उघडीप दिल्याबरोबर सकाळीच निघावे.

पावसाळ्यातला दुसरा उपक्रम घरच्या पर्जन्यमापकाचा. सरळ भिंतींची प्लास्टिकची बाटली घेऊन तिचा वरचा निमुळता भाग मोठ्या माणसाने कापावा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा त्या बाटलीत बसवावा. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून तळाशी खडे घालून ते बुडेपर्यंत पाणी ओतावे आणि त्या पातळीवर शून्याची रेघ मारावी. तिथून वर मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी चिकटपट्टीखाली लावली की काम झाले. भारतीय हवामान विभाग चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतो. आपणही तीच वेळ पाळली तर वर्तमानपत्रातल्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहता येतो. पुण्यात शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव असे वेगवेगळे आकडे प्रसिद्ध होतात, आणि एकाच शहरात एकाच दिवशी पाऊस किती निराळा पडतो हे मुलांना त्यातून आपोआप कळते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. सहा-सात वर्षांच्या मुलाला गच्चीवर खडूने एक मीटरचा चौकोन आखून दिला आणि आज तीस मिलिमीटर पडला असे सांगितले, तर तेवढ्या चौकोनावर तीस लिटर, म्हणजे साधारण दोन बादल्या पाणी आले याचा त्याला अंदाज बांधता येतो. लहान भावंडाला कागदावर तेवढी घरे निळ्या रंगाने भरायला द्यावी. मोजून झाल्यावर शून्याच्या रेघेपर्यंतचे पाणी ठेवून बाकीचे रोज ओतून टाकावे. खालचे पाणीही एक दिवसाआड बदलावे, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात.

आता थंडी सरतानाचे सांगते, कारण माझ्या मते लहान मुलांसाठी सर्वांत समृद्ध काळ तोच. जानेवारी संपता संपता काटेसावर पाने टाकते आणि नंतर तिच्या उघड्या फांद्यांवर लाल फुले येतात. त्या दिवसांत सकाळी सात ते नऊ या वेळेत झाडाखाली सतरंजी टाकून नुसते बसावे. मैना, कोतवाल, कावळे, पोपट, सूर्यपक्षी आणि खारी असे सगळे मधासाठी एकाच झाडावर येतात, आणि दुर्बिणीशिवाय दिसतात. खाली पडलेले फूल मुलाच्या हातात द्यावे. ते चांगले जड असते, पाकळ्या जाड आणि मांसल असतात, पाच भरतात; आतल्या पुंकेसरांचा झुबका मोजता मोजता मूल बराच वेळ गुंतून राहते. याच झाडाकडे एप्रिल-मेमध्ये पुन्हा जावे. बोंडे उकलून कापूस उडत असतो आणि प्रत्येक पुंजक्यात काळे बी असते. एकाच झाडाची दोन रूपे दोन भेटींत पाहिलेले मूल तिसऱ्या भेटीचा हट्ट स्वतःच धरते. खोडावरच्या काट्यांची मात्र आधी ओळख करून द्यावी.

वेताळ टेकडीवर जाणाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते. वर जुन्या खाणीत पाणी साठते. पावसाळ्यात आणि त्यानंतरही तिच्या काठापासून मुलांना लांब ठेवावे, आणि तिथे गेल्यावर हात सोडू नये.

ओहोटी

धागा फार आवडला. मी रत्नागिरी जिल्ह्यातून लिहीत आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ऋतूपेक्षाही तिथी अधिक उपयोगी पडते, म्हणून ती आधी सांगतो. आमच्याकडे जुनी माणसे तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. ही वेळ ढोबळ असते, पण मुलांना घेऊन बाहेर पडण्यापुरती पुरते. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास उधाण येते, त्यामुळे त्या दिवसांत सकाळी सहा-सातच्या सुमाराला पाणी सर्वांत आत गेलेले असते, आणि नेमकी तीच वेळ लहान मुलांना उन्हाशिवाय फिरवायला उत्तम.

नोव्हेंबर ते मार्च या काळात अशा सकाळी खडकाळ किनाऱ्यावर जावे. खडकांच्या खळग्यांत पाणी साठून राहते आणि त्यात शंखात राहणारे खेकडे, बारीक मासे, कालवे, समुद्रफुले असे बरेच काही दिसते. खळग्याजवळ उकिडवे बसून दोन मिनिटे अजिबात हलायचे नाही, एवढा एकच नियम मुलांना घालून द्यावा. सावली हलली नाही की दडलेले खेकडे बाहेर येतात. शंख उचलण्याआधी तो रिकामा आहे का ते पाहावे. वाळूच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर बारीक वाळूच्या गोळ्यांची नक्षी पसरलेली असते. ती लहान खेकड्यांनी वाळूतले अन्न खाऊन बाजूला टाकलेली वाळू असते, आणि नक्षीच्या मध्यभागी त्यांचे बीळ असते. तीन वर्षांचे मूलही ते बीळ शोधून काढते.

धोका एकच, पण मोठा आहे. भरती चढू लागली की खडकांवरची परतीची वाट पाण्याखाली जाते. पूर्ण ओहोटीची वेळ झाली की मागे वळावे, पुढे जाऊ नये. जून ते सप्टेंबर खडकांवर मुलांना नेऊच नये. शेवाळामुळे पाय ठरत नाही आणि लाट कधी येईल त्याचा भरवसा नसतो.

खाडीकाठ

ओहोटीदादा, तुमचा हिशेब आम्हा नवी मुंबईकरांनाही कामाचा आहे. नेरूळ परिसरातल्या पाणथळ जागांवर थंडीपासून मेपर्यंत रोहित पक्षी येतात. खाडीतल्या चिखलावर पाणी चढले की ते आतल्या तळ्यांवर येऊन उभे राहतात, म्हणजे आपल्याला भरतीच्या वेळी जवळून दिसतात. पौर्णिमा-अमावास्येच्या मागे-पुढे भरती भर दुपारी येते, तेव्हा लहान मुलांना नेऊ नये. षष्ठी ते अष्टमीच्या आसपास भरती सकाळ-संध्याकाळी असते, तेव्हा न्यावे. बोटीतून पक्षी दाखवणाऱ्या फेऱ्यांना पैसे पडतात. काठावरून पाहायला काही लागत नाही. मुलांना एकच काम सांगावे : करड्या रंगाचे पक्षी शोधा. ती रोहित पक्ष्यांची पिल्ले असतात, आणि गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू येतो हे समजले की मुलांचे प्रश्न थांबत नाहीत.

नवी_पालवी

सर्वांचे वाचून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. माझी मुलगी दोन वर्षांची आहे, आम्ही दोघेही नोकरी करतो, आणि नवव्या मजल्यावरच्या सदनिकेत राहतो. टेकडी गाठणे दर आठवड्याला शक्य होत नाही. एवढ्या लहान मुलीला ऋतू कळतो का, आणि घरात राहून तो कसा दाखवावा? शिवाय पर्जन्यमापक खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये ठेवला तर चालेल का?

माळरान

नवी_पालवी, दोन वर्षांच्या मुलीला ऋतूचे नाव कळत नसले तरी ऊन, गारवा, वास आणि ओलेपणा नेमका कळतो. तुमच्या इमारतीच्या आवारातले किंवा रस्त्यावरचे एकच झाड निवडा आणि कामावरून आल्यावर तिला त्याच्याजवळ घेऊन जा. शक्यतो पिंपळ, बहावा किंवा आंबा, कारण या झाडांतला बदल ठळक असतो. पिंपळाला फाल्गुन-चैत्रात येणारी तांबूस, लुसलुशीत पाने आणि जुनी राठ पाने दोन्ही तिच्या गालावर फिरवून पाहा. बहावा एप्रिलमध्ये पिवळ्या झुंबरांनी भरतो आणि त्याच्या वाळलेल्या शेंगा खुळखुळ्यासारख्या वाजतात. मात्र त्या हलवायला द्याव्या, तोंडात घालू देऊ नयेत. पावसाळ्यात ग्रिलमधून हात बाहेर काढून पागोळ्या झेलणे हाही या वयाला पुरेसा कार्यक्रम आहे. शुक्ल पक्षात रोज संध्याकाळी चंद्र कुठे आहे ते खिडकीतून शोधावे. तो रोज थोडा मोठा होतो आणि थोडा पूर्वेकडे सरकलेला असतो, हे दोन-अडीच वर्षांची मुले बोटाने दाखवू लागतात.

पर्जन्यमापक ग्रिलमध्ये ठेवल्यास आकडा खरा येणार नाही. भिंतीमुळे एका बाजूचा पाऊस अडतो आणि वरच्या मजल्यावरचे थेंब त्यात पडतात. गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून लांब, भोवती चार विटा लावून ठेवावा म्हणजे वाऱ्याने कलंडत नाही.

वैनगंगा

नागपुराकडून माझी भर. आमच्या भागातील मुलांचा सर्वांत आवडता दिवस म्हणजे तान्हा पोळा. श्रावण अमावास्येला मोठा पोळा होतो, आणि दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडी बैल सजवून मैदानात आणतात. बैलाला चाके असतात, शिंगांना बेगड आणि गळ्यात घुंगरांची माळ असते. घराघरांत पिढ्यान्‌पिढ्यांचे बैल जपून ठेवलेले असतात, त्यामुळे नवीन घ्यावा लागतोच असे नाही. आजोबांनी ओढलेला बैल नातीने ओढणे ही आमच्याकडची अगदी नेहमीची गोष्ट आहे. मुले बैल घेऊन शेजारीपाजारी जातात आणि घरचे लोक बैलाची पूजा करून त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवतात. सजावटीचे काम आदल्या आठवड्यात मुलांकडूनच करून घ्यावे. जुन्या साडीच्या काठाची झूल आणि रंगीत कागदाची फुले पुरतात.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. रोज संध्याकाळी मुली आणि हल्ली मुलगेही एकेका घरी जमतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी डब्यात खाऊ कोणता आहे ते ओळखण्याचा खेळ होतो. डबा वाजवून, वास घेऊन, आंबट की गोड असे विचारत विचारत ओळखायचे असते. पश्चिम महाराष्ट्रात भोंडल्याची खिरापत ओळखतात तसेच हे आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांना नेमके प्रश्न विचारायला शिकवणारा याच्याइतका चांगला खेळ मला दुसरा माहीत नाही, आणि तो शाळेच्या तासाला बसवून शिकवता येणार नाही.

उन्हाळ्याबद्दल मात्र पुणेकरांचे सल्ले आम्हाला लागू पडत नाहीत. मे महिन्यात आमच्याकडे सकाळी आठनंतर मूल बाहेर काढू नये. पहाटे साडेपाचला उठून अंबाझरी किंवा फुटाळ्याच्या काठी जावे आणि सातला घरी परतावे. दुपारी ओल्या चादरीच्या तंबूत गोष्टी सांगाव्या, आणि रात्री गच्चीवर पाणी मारून अंथरुणे घालावी.

गडवाट

दिवाळीच्या किल्ल्याचा उल्लेख अजून कसा आला नाही? मातीत हात घालण्याची इतकी हक्काची संधी शहरातल्या मुलाला वर्षभरात दुसरी मिळत नाही, म्हणून मी सविस्तर लिहितो.

वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी सुरुवात करावी. आधी दगड-विटांचा उंचवटा रचायचा, त्यावर चिखलात बुडवून काढलेले गोणपाट पसरायचे, आणि ते थोडे आंबटओले झाले की चाळलेली माती पाण्यात कालवून वरून लिंपायची. गोणपाटामुळे डोंगराच्या घड्या आपोआप पडतात आणि माती घसरत नाही. हिरवळीसाठी हळीव सर्वांत चांगले. ते भिजले की बुळबुळीत होऊन उतारावरही चिकटून बसते आणि तीन-चार दिवसांत उगवते. मोहरीही चालते. हळीव स्वयंपाकघरात असतेच, माती कुंड्यांतली घ्यावी आणि दिवाळीनंतर तिथेच परत टाकावी. प्लास्टर किंवा थर्माकोल अजिबात वापरू नये.

वयाप्रमाणे काम वाटून द्यावे. दोन-तीन वर्षांच्या मुलाने चिखल तुडवावा. चार-पाच वर्षांच्याने हळीव पेरावे, रोज सकाळी हाताने पाणी शिंपडावे आणि कोंब किती वाढला ते काडीने मोजावे. सहा-सात वर्षांच्या मुलाने कोणता किल्ला करायचा ते ठरवावे, कारण काल्पनिक किल्ल्यापेक्षा खरा किल्ला केला तर बोलायला पुष्कळ असते. राजगड केला तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना काढाव्या लागतात आणि मधोमध बालेकिल्ला उंच ठेवावा लागतो. एवढे हातांनी घडवलेले मूल पुढे प्रत्यक्ष गडावर गेले की वाट स्वतः ओळखते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत आहे. आमच्या गृहसंकुलात प्रत्येक इमारतीने त्या बारांपैकी एकेक किल्ला करायचे ठरवले आणि मुलांना संध्याकाळी साऱ्या आवारात फिरून सगळे पाहता आले. यात स्पर्धा आणि बक्षिसे ठेवू नयेत असे माझे ठाम मत आहे. बक्षीस आले की मोठी माणसे किल्ला आपल्या हातात घेतात आणि मुले बाजूला उभी राहतात.

शंकू

मी शाळेत विज्ञान शिकवते. आकाशातल्या दोन-तीन गोष्टी सुचवते.

महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. दुसरा दिवस पावसाळ्यात येतो आणि बहुधा ढगांत जातो, म्हणून मे महिन्यातला साधावा. पणजीला २ मेच्या सुमारास, कोल्हापूरला ६ मे, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६ मे आणि नागपूरला २६ मेच्या सुमारास हा दिवस येतो. वेळ पुण्यात साधारण १२ वाजून ३१ मिनिटे, मुंबईत १२ वाजून ३५ मिनिटे आणि नागपुरात १२ वाजून १० मिनिटे. सपाट फरशीवर स्टीलचा सरळ पेला उपडा ठेवावा आणि वेळेच्या दहा मिनिटे आधीपासून मुलाने सावलीच्या कडेने खडूने रेघा ओढाव्या. रेघा पेल्याजवळ सरकत येतात आणि शेवटी ओढायला जागाच उरत नाही. तेवढे झाले की लगेच सावलीत यावे. मुलांनी वर सूर्याकडे पाहू नये, हे आधीच बजावून ठेवावे.

जानेवारी-फेब्रुवारीत रात्री आठच्या सुमारास मृग नक्षत्र चांगले वर आलेले असते. ओळीत असलेल्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की व्याधाचा लखलखीत तारा येतो, आणि उलट दिशेने वर वाढवली की रोहिणीवरून कृत्तिकांच्या पुंजक्यापाशी पोहोचते. कृत्तिका किती दिसतात ते घरातल्या प्रत्येकाने न बोलता मोजावे आणि मग आकडे सांगावे. लहान मुलांची नजर बहुधा आईवडिलांपेक्षा जास्त तारे मोजते, आणि त्याचा त्यांना फार अभिमान वाटतो.

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या सुमारास पुण्यातल्या अनेक संशोधन संस्था लोकांना आत येऊ देतात. विद्यापीठाच्या आवारातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा कार्यक्रम मुलांना आवडण्यासारखा असतो. नारायणगावजवळ खोडदच्या दुर्बीण प्रकल्पातही विज्ञान दिनाला प्रदर्शन भरते. तिथल्या तीसपैकी प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे. पाच वर्षांच्या मुलाला त्यामागची रेडिओ लहरींची गोष्ट कळली नाही तरी एवढी मोठी वस्तू माणसांनी बांधली आणि ती हळूहळू वळते, हे कळते. प्रवासाचा खर्च मात्र धरावा लागेल, आणि त्या वर्षीचा कार्यक्रम आधी पाहूनच निघावे.

रातवाट

मे अखेरीस काजव्यांचा उल्लेख हवा. भंडारदऱ्याच्या बाजूला झाडेच्या झाडे लुकलुकताना पाहणे हा मुलांसाठी विलक्षण अनुभव आहे.

माळरान

रातवाट, अनुभव विलक्षण आहे हे मान्य. पण लहान मुलांना घेऊन तिथे जाण्याचा आग्रह या धाग्यात होऊ नये असे मला मनापासून वाटते. काजव्यांचे लुकलुकणे हे नर-मादीचे एकमेकांना शोधणे असते. गाड्यांचे दिवे, मोबाइलचे टॉर्च आणि गर्दी यांमुळे त्यात व्यत्यय येतो. त्यांच्या अळ्या जमिनीवर, ओल्या पाचोळ्यात वाढतात, आणि वाट सोडून गवतात शिरणाऱ्या पावलांखाली त्या चिरडतात. रात्री दहा वाजता झोपाळलेल्या चार वर्षांच्या मुलाने वाटेवरच उभे राहावे, ही अपेक्षाही योग्य नाही.

रातवाट

तुमचा मुद्दा पटतो. मग असे सुचवतो की ज्यांचे स्वतःचे गाव मावळात, कोकणात किंवा भंडारदऱ्याकडच्या अकोले तालुक्यात आहे त्यांनी मेअखेर गावी असताना घरामागच्या ओढ्याकाठी, पाऊस सुरू होण्याच्या आधी अंगणातले दिवे मालवून बसावे. झाडे भरलेली नसतील, पण पाच-दहा काजवे नक्की दिसतात, आणि लहान मुलाला तेवढे पुरेसे असतात.

रानवैद्य

काळजीच्या काही गोष्टी एका ठिकाणी लिहून ठेवतो, कारण मुले बाहेर जाऊ लागली की फळे-बिया खिशात येतातच. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हिच्या फळांशी मुले खेळतात; परंतु या झाडाचे सर्व भाग विषारी असून ते हृदयावर परिणाम करतात. गुंजेच्या लाल-काळ्या बिया आणि एरंडाच्या बिया दिसायला सुंदर आणि चावल्यास घातक आहेत. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते, त्यामुळे तिच्या फुलांशी खेळून झाल्यावर हात धुवावे. घाणेरीची हिरवी फळे खाऊ देऊ नयेत. यांपैकी काही पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय न करता फळाचा तुकडा सोबत घेऊन मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

हिवाळ्यात झुडपांवर खाजकुइलीच्या लवदार शेंगा वाळतात. लव अंगाला लागली तर चोळू नये. चिकटपट्टी दाबून लव उचलावी, मग भरपूर पाण्याने धुवावे आणि कपडे बदलावे. मुलांना भीती घालू नये. झाडाचे नाव आणि खूण शिकवावी. आधी पाहायचे, विचारायचे आणि मगच हात लावायचा, हा क्रम तीन वर्षांचे मूलही पाळते.

तेरेखोल

सावंतवाडीकडून. गणेश चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर आम्ही जी माटवी बांधतो, तिला गोव्यात माटोळी म्हणतात. तिच्यासाठी रानातली फळे, फुले आणि पाने आदल्या दोन दिवसांत गोळा केली जातात. कवंडळ, हरण, तेरडा, शेरवड, नारळाची पेंड म्हणजे घड, सुपारीचे शिंपुट म्हणजे घोस, असे एकेक जमा होते. बाजारातही हे सगळे मिळते. पण आजी किंवा काका यांच्याबरोबर मुलांनी रानात जाऊन आणले तर वर्षाकाठी पाच-सहा तरी नवी नावे त्यांच्या तोंडी बसतात. कवंडळ सुंदर दिसते पण खायचे नसते, हेही तिथेच समजते. रानवैद्य म्हणतात तो क्रम आमच्याकडे या निमित्ताने शिकवला जातो. गरजेपुरतेच तोडावे आणि वेल मुळासकट ओढू नये, एवढे मोठ्यांनी पाहावे.

ओलीपाने

मी ब्रिटनमध्ये राहते. इथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सार्वजनिक पायवाटांच्या कडेच्या कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकतात आणि घरापुरत्या कोणीही तोडू शकतो. कमरेच्या वरच्याच तोडाव्या, कारण खालच्या वाटेवर कुत्री फिरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हॉर्स चेस्टनटची तपकिरी, तुळतुळीत फळे गळतात. त्यांना मोठ्यांनी भोक पाडून दोरी ओवून दिली की मुले एकमेकांच्या फळावर आपले फळ आपटण्याचा खेळ खेळतात. ती खाण्याची नसतात. उन्हाळी सुट्टीत सार्वजनिक वाचनालयांत मुलांसाठी विनामूल्य वाचन उपक्रम असतो. आणि नवरात्रात आम्ही काही मराठी कुटुंबे जवळच्या बागेत पाटावर हत्ती काढून भोंडला करतो. गार वाऱ्यामुळे खिरापत लवकर ओळखावी लागते.

नवी_पालवी

सर्वांचे आभार. आम्ही आवारातला बहावा निवडला आहे. वैनगंगाताई, आम्ही पुण्यात असल्यामुळे लाकडी बैल घरात नाही आणि विकत घेण्याचा विचार नाही. मुलीला पोळ्याच्या दिवशी बैल करून द्यायचा असेल तर कसा करावा?

वैनगंगा

मातीचा करा. तुमच्या भागात बेंदराला मातीचे बैल पूजतातच, त्यामुळे ते अगदी रीतीला धरून होईल. कुंडीतली माती चाळून, दगड-काड्या काढून, कणकेसारखी मळावी आणि ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवावी, म्हणजे वाळताना भेगा कमी पडतात. आधी लांबट गोळा, मग चार आखूड जाड पाय. पाय बारीक केले तर मोडतात. खांद्याशी चिमटीने माती वर ओढली की वशिंड होते, आणि ते काम तुमच्या मुलीला द्या, दोन वर्षांच्या बोटांना ते छान जमते. शिंगांसाठी बाभळीचे काटे वापरतात, पण मुलगी लहान आहे म्हणून मातीचीच करा. तीन-चार दिवस सावलीत वाळू द्या, उन्हात ठेवू नका. डोळ्यांना दोन ज्वारीचे दाणे मात्र माती ओली असतानाच, तुम्ही स्वतः, नीट आत दाबून बसवा, म्हणजे ते सुटून मुलीच्या तोंडात जायचे नाहीत.